सूर्याचा कागद

आमच्या मागच्या खोलीत दोन हिवाळे सूर्य रोज कागदावर उतरायचा. सकाळी दहाच्या सुमारास खिडकीला लावलेल्या काळ्या पुठ्ठ्यातून आत यायचा आणि टेबलावर टेकवलेल्या कागदावर वाटीच्या तोंडाएवढा गोल होऊन बसायचा. बाहेरचा सूर्य डोळे मिटायला लावतो. हा मात्र मऊ होता, ताकासारखा फिका, आणि त्याच्या कडा जराजरा थरथरत असायच्या. बाकी खोलीत अंधार. रविवारी मी स्वयंपाक अर्धा टाकून तिथे जाऊन बसे. शाळेत मी भूगोल शिकवते. पृथ्वी फिरते हे वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले, पण ती फिरताना पहिल्यांदा पाहिली ती त्या खोलीत. तो गोल बघता बघता कागदावरून घसरू लागे, आणि कागद त्याच्यामागे सरकवावा लागे. आपण बसल्या जागी कुठेतरी चाललो आहोत, असं वाटून मला गुंगी यायची.

ही सगळी करामत नानांची. नाना म्हणजे माझे सासरे. तरुणपणी जळगावकडून इकडे कागद कारखान्यात कामाला आले आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी बुऱ्हाणपूरच्या कडेला, केळीच्या बागा सुरू होतात तिथे, चार खोल्यांचं घर बांधलं. कारखान्यात त्यांचं काम एकच होतं, कागद तपासायचं. खालून उजेड असलेलं काचेचं टेबल, त्यावर एकेक ताव पसरायचा, डावा डोळा मिटायचा आणि उजव्याने ठिपका शोधायचा. लगद्यातली काडी, तेलाचा थेंब, माशीचा पाय. ठिपका दिसला की ताव बाजूला. तीस वर्षं हेच. घरी भाजी निवडायला बसले तरी त्यांचा डावा डोळा आपोआप मिटायचा, आणि मेथीची एक जुडी संपायला दुपार व्हायची. मी चिडले की म्हणायचे, "बेटा, जल्दी जल्दी में माल पास नाही करायचा."

तपासण्याची त्यांची एक खूण होती, ती त्यांनी मला शिकवली होती. ठिपका दिसला की लगेच ताव बाद करायचा नाही. आधी ताव फिरवायचा. ठिपका तावाबरोबर फिरला तर तो कागदाचा. जागेवर राहिला तर तो काचेचा, मग फडकं मारायचं आणि ताव पास करायचा. नव्या माणसांनी काचेच्या डागापायी चांगले गठ्ठे बाद केल्याच्या गोष्टी ते अशा सांगत, की जणू कुणी देव्हारा फोडला.

आता सूर्य आमच्या घरात का आला ते सांगते. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यानंतर आमच्या भागात जमीन हलू लागली. मोठं काही नाही. पुलावरून रिकामी ट्रॉली जावी तसा खालून आवाज यायचा, फडताळातले डबे एकमेकांना लागायचे, आणि संपलं. पेपरात कोपऱ्यात बातमी यायची, लोक दोन दिवस बोलायचे आणि विसरायचे. आमच्या सासूबाई विसरल्या नाहीत. त्यांना आम्ही सगळे माय म्हणतो. पहिल्या धक्क्याच्या वेळी त्या दुपारच्या झोपेत होत्या आणि वरच्या फळीवरची परात त्यांच्या उशीशेजारी पडली. त्या दिवशी त्यांनी आपली खाट अंगणात नेली, ती आत आणायचं नाव नाही. जेवणही तिथेच, निजणंही तिथेच.

"मले मरायचं भेव नाही," त्या म्हणायच्या. "दबून मरायचं भेव वाटते. मोकळ्यात काय, वरून आभाळ थोडंच पडते."

पण माय दम्याच्या. नोव्हेंबर लागला की तापीकडून गारठा येतो आणि केळीच्या पाण्याने भिजलेल्या जमिनीवरून सरपटत अंगणात शिरतो. सकाळी त्यांची गोधडी ओली असायची. छातीत बारीक शिट्टी वाजायची. माझ्या नवऱ्याने समजावलं, मी समजावलं, मग मी ओरडले. मला खोटं ऐकून घेता येत नाही आणि खरं हळू सांगता येत नाही, हा माझा जुना दोष. काही उपयोग झाला नाही. मायनी इच्छापूरच्या देवीला नवस बोलला आणि ओली उशी बदलून घेतली, एवढंच.

तेव्हा नानांनी तो शोध लावला. कुणीतरी त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला होता: सूर्यावर काळे डाग वाढले की पृथ्वीवर भूकंप होतात म्हणे. डाग हा शब्द ऐकला आणि नाना उठून बसले. त्यांच्या दृष्टीने हे त्यांच्याच खात्यातलं प्रकरण होतं. इतवाऱ्यात जुन्या सामानाचं एक दुकान आहे, तिथून त्यांनी एक एकनळी दुर्बीण आणली, तिला पुठ्ठ्यात बसवलं, आणि कारखान्यातून बाद झालेल्या तावांचा एक गठ्ठा माळ्यावर होता तो खाली काढला. सूर्याकडे बघायचं नाही, त्याचा कागद बघायचा, हा त्यांचा नियम. माय त्याला सूर्याचा कागदच म्हणू लागल्या.

मी आधी हसले. मग हसत हसत वाचू लागले. वाचलं तेवढ्यावरून इतकंच कळलं की हे अगदीच हवेतलं नाही, आणि पक्कंही नाही. कुणी म्हणतं, सूर्य तापला की जमीन तापते, वरचे खडक थोडे फुगतात, त्यांच्या भेगांतलं पाणी सरकतं, आणि आधीच तुटायला आलेली जागा तुटते. कुणी म्हणतं, सूर्यावरून जो वारा सुटतो त्याचा दाब पडतो. बरेच जण म्हणतात, हा योगायोग आहे, आकडे जुळवायचे म्हटले की जुळतात. भूकंप कधी होणार हे आधी सांगता येत नाही, यावर मात्र सगळ्यांचं एकमत. मी हे नानांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

तरी तो विचार माझ्या मनातून जाईना. वर्गाला घेऊन मी एकदा कुंडी भंडाऱ्याला, शहराबाहेरच्या त्या जमिनीखालून जोडलेल्या जुन्या विहिरी बघायला गेले होते. सातपुड्याचं पाणी जमिनीखालून वाट काढत शहराकडे येतं, शेकडो वर्षं येतंय. खाली उतरल्यावर अंधारात नुसता पाण्याच्या चालण्याचा आवाज. तिथे उभी असताना मला वाटलं, वर ऊन पडतंय, ते माती पितेय, मग मुरूम, मग दगड, आणि ते हळूहळू उतरत इथवर येत असेल. इतक्या लांबून निघालेली ऊब आणि शेवटी आमच्या पायाखालच्या एका भेगेपाशी येऊन थांबलेली. खरं असो, खोटं असो, मला ते आवडलं. तुकईथडला माझं माहेर. तिथे केळीच्या घडाला उन्हाचा चट्टा पडू नये म्हणून माझे वडील घडावर पान झाकायचे. सूर्य कुठे कुठे हात घालतो ते शेतकऱ्याच्या मुलीला वेगळं सांगावं लागत नाही.

नानांनी मायशी तह केला. मी साक्षीला होते. सूर्यावर बारीकसारीक डाग असतातच, त्यांना मोजायचं नाही. मोठा डाग एका कडेने उगवतो, सरकत सरकत मध्यावर येतो आणि दुसऱ्या कडेला मावळतो. मध्यावर आला म्हणजे त्याचं तोंड आपल्याकडे. ते तीन दिवस माय बाहेर निजणार. बाकी दिवस आत.

"अन तुमचा कागद चुकला तर?" मायनी विचारलं.

"आजपर्यंत माझा एक ताव वापस आला का?" नाना म्हणाले.

आला नव्हता. माय आत आल्या. मला त्या दिवशी नानांचं फार कौतुक वाटलं. मी दोन महिने खरं सांगून जे केलं नव्हतं ते त्यांनी एका दुर्बिणीने केलं. विज्ञान बरोबर होतं की चूक, याचा हिशेब मी सोडून दिला. तो पहिला हिवाळा असा छान गेला. सकाळी नाना कागद काढायचे, तारीख टाकायचे, गोल आखायचे, डाग भरायचे. मग अंगणात जाऊन मायना सांगायचे. माय लसूण सोलता सोलता ऐकायच्या, शेतातली खबर ऐकावी तशा. डाग कडेला आहे. डाग सरकला. डाग मधात. डाग गेला. मधल्या काळात जमीन दोनदा थरथरली. एकदा डाग मध्यावर होता, एकदा नव्हता. ज्या वेळी नव्हता त्या वेळेबद्दल दोघंही बोलले नाहीत.

दुसऱ्या हिवाळ्यात डाग मध्यावर आला आणि गेलाच नाही.

तीन दिवस झाले, मी लक्ष दिलं नाही. पाच झाले. परीक्षांचे पेपर तपासायचे होते, रविवारी मी माहेरी गेले होते. परत आले तेव्हा आठवा दिवस होता आणि माय अजून अंगणात. खोकताना त्यांना खाटेची दांडी धरावी लागत होती. डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या आणि म्हणाले, थंडीतून आत न्या, नाहीतर दवाखान्यात भरती करावं लागेल. मी मायना सांगितलं. त्यांनी नानांकडे बघितलं. नानांनी मान खाली घातली.

"मी काय करू? मधातच बसेल आहे तो," ते म्हणाले. "अन बेटा, या टायमाचा डाग जित्ता आहे. जिकडे पाहतो तिकडे सरकते. असा मी कधी नाही पाहिला."

त्यांचा आवाज खरोखर घाबरलेला होता. मला राग आला, तोही खरा. अकराव्या दिवशी मी शाळेत रजा टाकली. आज नानांशी भांडायचं, कागद फाडायची वेळ आली तर फाडायचे, पण मायना आत आणायचं, असं ठरवून मी मागच्या खोलीत गेले.

खोलीत नेहमीसारखा अंधार होता. कागदावर सूर्य बसलेला. त्याला बघून भांडण जरा विरघळलं, मी मान्य करते. डाव्या कडेला दोन बारीक टिंबं होती, तिळाच्या दाण्याएवढी. मध्ये काही नव्हतं. कोरा, फिका, थरथरता उजेड.

"पाहिला?" नाना म्हणाले. डावा डोळा मिटून ते वाकले होते आणि पेन्सिलीचं टोक गोलाच्या बरोब्बर मध्ये टेकवलं होतं.

शेजारी आधीच्या दहा दिवसांचे कागद होते. मी ते उलटून पाहिले. सगळ्यांवर एकच डाग, एकाच जागी, बोटाने पुसल्यासारखा. सूर्य स्वतःभोवती फिरतो. खरा डाग दहा दिवसांत या कडेपासून जवळजवळ त्या कडेपर्यंत जातो, हे मला त्यांनीच मागच्या वर्षी दाखवलं होतं. आणि खरा डाग आपण बघू तिकडे धावत नाही. भांडायचं राहून गेलं; मी कागद होते तसे परत ठेवले.

"नाना," मी म्हटलं, "कागद फिरवा."

त्यांनी फिरवला. "नाही फिरत तो. म्हणजे कागदाचा नाही. सूर्याचाच."

मी हात लांब केला आणि दुर्बिणीचं तोंड झाकलं. सूर्य गेला. मग मी खिडकीची दुसरी फळी उघडली. साधा दिवसाचा उजेड टेबलावर आला, आणि त्यात एक कोरा ताव.

"आता?"

नानांनी तावाकडे पाहिलं. डोकं डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. मग डावा डोळा उघडला आणि उजवा मिटला, जे मी त्यांना आयुष्यात करताना पाहिलं नव्हतं. मग पुन्हा उलटं. बाहेर माय खोकल्या. केळीच्या बागेत कुणीतरी मोटर चालू केली आणि पाण्याचा आवाज येत राहिला. तीस वर्षं डाग एक तर कागदात असायचा नाही तर काचेत. तिसरी जागा त्या माणसाला कुणी शिकवलीच नव्हती.

"तुले दिसते का?" त्यांनी विचारलं.

"नाही, नाना."

त्यांनी अकराही कागद एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या, जशा कारखान्यात जुळवत असतील. मला वाटलं ते म्हणतील, मायना सांगू नको, सूर्य साफ झाला म्हणून सांग. मीही ते बोलायला तयार होते. आयुष्यात पहिल्यांदा मला खोटं बोलावंसं वाटत होतं. पण ते गठ्ठा घेऊन उठले आणि सरळ अंगणात गेले. मी मागे.

माय खाटेवर बसल्या होत्या. डोक्यावरून शाल, हातात गरम पाण्याचा पेला.

"डाग सूर्यात नाही," नाना म्हणाले. "माझ्या डोळ्यात आहे. मी तुले फालतूच इतके दिवस थंडीत ठेवलं."

मायनी पेला खाली ठेवला. "कोन्या डोळ्यात?"

"उजव्या."

"मंग आधी काबरं नाही सांगितलं?"

"मलेच आता मालूम पडलं."

त्यांनी नानांना खाली बसवलं, हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि डोळ्यात पाहत राहिल्या, घुंगुरटं गेलं की आपण पाहतो तसं. तिथे काय दिसणार. बुबुळ नेहमीचंच होतं. मग त्या उठल्या आणि गोधडीची घडी घालू लागल्या. मी पुढे झाले तर मला म्हणाल्या, "उशी घे. हे आत एकटे उठतील, मोरीत जातील, अन मी अठी आभाळाखाली काय करू?"

धक्क्यांचं काय, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं ते थोडक्यात असं. पडद्याचा मधला भाग वयाने झिजतो. उजव्यातला गेला, तो परत येणार नाही. डाव्यात सुरुवात आहे, इंजेक्शनं देऊ, टिकेल तेवढं टिकवू. मी विचारलं, सूर्यामुळे झालं का. ते नाही म्हणाले. कागदावर बघणाऱ्याला तसं होत नाही. मी आणि नाना रिक्षाने परत निघालो. इतवाऱ्यातून जाताना गर्दीत रिक्षा थांबली तेव्हा त्यांनी समोरच्या दुकानाची पाटी मला वाचायला सांगितली. मी वाचली. "हां, तेच वाटलं," ते म्हणाले. मला रडू आलं आणि ते लपवायला मी रिक्षावाल्याला उगाच झापलं.

नंतर कागद कुणी काढले नाहीत. दुर्बीण पुठ्ठ्यात तशीच राहिली. सकाळी कधी मी घरात असले तर बघायची, सूर्य वेळेवर येऊन जमिनीवर पडलेला असे, कागद नाही म्हणून फरशीवर. मी थोडा वेळ उभी राहायची. आता डाग कुठे आहे हे विचारणारं कोणी नव्हतं. माय रोज आत निजत होत्या. रस्त्यावरून ट्रक गेला तरी त्या दचकून जाग्या व्हायच्या, हे मला शेजारच्या खोलीतून कळायचं; पण खाट हलली नाही. भीती गेली नव्हती. तिला त्यांनी आपल्या शेजारी झोपायला जागा करून दिली होती, एवढंच. नानांच्या डाव्या डोळ्याचंही हळूहळू कमी होत होतं. अंधुक खोलीत त्यांना वस्तू चाचपाव्या लागत.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी जमीन पुन्हा हलली. खिडक्यांना ओले पडदे होते, घरात काळोख करून आम्ही सगळे पडलो होतो. आधी तो आवाज आला. मग डबे, मग कपाटाची दारं, मग पंखा डुलू लागला, आणि या वेळी ते लवकर थांबेना. माझा नवरा ओरडला, "बाहर निकलो." मी अनवाणी धावले. अंगणात ऊन असं होतं की तळपाय भाजले. शेजारचे बाहेर आले होते, कुणाच्या हातात पोर, कुणाच्या हातात मोबाइल. केळीची पानं वारा नसताना हलत होती. मी आमची माणसं मोजली. दोघं कमी होती.

नवरा मला अडवत होता. त्याचा हात झटकून मी आत पळाले. माय का बाहेर आल्या नाहीत हे मला कळेना. या घरात भिंतींना सगळ्यात जास्त भिणारं माणूस तेच. मनात शिव्याच तयार होत्या, खरं सांगते. दारात मी थांबले. पंखा अजून डुलत होता. नाना खाटेच्या कडेला बसले होते, पाय फरशीवर टेकवून, आणि माय त्यांच्यासमोर जमिनीवर बसून, एक हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवून, दुसऱ्या हाताने खाटेखाली चाचपत होत्या.

"माय, चला," मी म्हटलं. "चला लवकर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"थांब," त्या म्हणाल्या. "यायले चपला नाही सापडू ऱ्हायल्या. बाहेर पाय पोळतील."